घरांतील धान्य आणि विषाची गोळी

शेतांतील उभ्या पिकाची पैसेवारी महसूल खात्याकडून दरवर्षीं ठरविली जाते. परंतु खळ्यावरून घरीं आलेल्या धान्याची आषाढ-श्रावणांत काय अवस्था होते, याची पैसेवारी कोणीच करीत नाहीं. कष्टानें पिकविलेलें धान्य सोंड्यांच्या व भुंग्यांच्या स्वाधीन व्हावें, ही गोष्ट शोचनीय खरीच. पण त्याहून शोचनीय हें कीं, या नुकसानीस भिऊन पुष्कळ घरांत आतां विषारी गोळीचा आश्रय केला जातो. या प्रथेविरुद्ध चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

ही गोळी ॲल्युमिनियम फॉस्फाइडची असते. हवेंतील ओलाव्याशीं संबंध येतांच तिच्यांतून फॉस्फीन नामक वायु निघतो; ३ ग्रॅमच्या एका गोळींतून सुमारें १ ग्रॅम. हा वायु किडा आणि मूल यांत भेद करीत नाहीं, व त्यावर खात्रीचा उतारा नाहीं. आपल्या कित्येक घरांत तर जेथें कोठी तेथेंच निजावयाची जागा! म्हणूनच १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालीं ही गोळी सामान्य गृहस्थास विकण्याची मुभा नाहीं. तरीही ती मिळते, आणि आपण ती घेतों.

मग कीड आवरावी कशी, असें कोणी विचारील. कीड येते कोठून, तें आधीं पाहूं. कडधान्यावरील भुंगा शेतांतच शेंगेवर अंडीं घालतो. सोंड्याची मादी दाण्यास भोंक पाडून आंत अंडें घालते व वरून तोंड बुजविते. त्यामुळें दाणा वरून निर्मळ दिसतो. ओल आणि हवा मिळाली, कीं उबदार दिवसांत सुमारें महिन्याभरांत नवी पिढी बाहेर पडते. हीं दोन काढून घेतलीं, कीं किडीचें बळ सरलें. सांगलीजवळ हरिपूर येथील पेवांत हळद दीर्घकाळ टिकत असे ती याच तत्त्वावर. आणि २००५ च्या महापुराचें पाणी शिरतांच त्याच पेवांची मोठी हानि झाली.

यास्तव धान्य चैत्र-वैशाखाच्या कडक उन्हांत पातळ पसरून वाळवावें. दाताखालीं दाणा कट्‌कन फुटला पाहिजे. तापलेलें धान्य तसेंच भरूं नये. तें निवल्यावर घट्ट झांकणाच्या पत्र्याच्या कोठींत कांठोकांठ भरावें. रोजच्या खर्चाकरितां पंधरवड्याचें धान्य निराळ्या डब्यांत काढावें, म्हणजे कोठी वारंवार उघडावी लागत नाहीं. जुन्या धान्यांत नवें मिसळूं नये. पोतीं असल्यास फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचावीं. निंबाचा पाला सावलींत वाळवूनच घालावा. ओला पाला घालणें म्हणजे ओलीस आमंत्रण देणें होय. तूर-हरभऱ्याची डाळ करून ठेवल्यास भुंग्याचा उपद्रव पुष्कळ कमी होतो.

हें सर्व आपल्या आया-बहिणी जाणतात; अडचण असते ती चांगल्या कोठीच्या किंमतीची. येथें संस्थेचें कर्तव्य सुरू होतें. सभासदांची मागणी माघांतच नोंदवून संस्थेनें कोठ्या एकत्र खरेदी कराव्या व त्यांची रक्कम हप्त्यांनीं वसूल करावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. बीं-बियाणें आणि खत यांसाठीं संस्था जी व्यवस्था करते, तीच धान्याच्या रक्षणासाठीं कां करूं नये? वर्षाच्या भाकरीचें रक्षण करतांना ती भाकर खाणारांचे प्राण संकटांत पडूं नयेत, एवढीच आमची विनंति आहे.