तोडणाऱ्यांनीच राखलेले रान



भाषांतराचे काम करणाऱ्याला कधी कधी एखादा साधासा शब्द दिवसभर अडवून धरतो. परवा ‘कन्सेशन’ या शब्दाने मला असेच अडविले. आपल्याला हा शब्द रेल्वेच्या तिकिटामुळे परिचित आहे. ‘सवलत’ म्हटले की काम भागते. परंतु मजपुढील मजकूर मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला देशाच्या अरण्याविषयी होता, आणि तेथे ‘सवलत’ हा शब्द मुळीच बसेना. का बसेना, ते आज आपणांस सांगावयाचे आहे.

ग्वाटेमालाच्या उत्तरेस पेतेन नावाचा अरण्यमय प्रांत आहे. प्राचीन माया लोकांची तिकाल नगरी याच रानात दडलेली होती. येथील कित्येक वस्त्या चिकाच्या व्यापारातून उभ्या राहिल्या. ज्या झाडाचा चीक काढून पूर्वी च्युइंगम बनवीत असत, ते झाड आपणांस नवे नाही. आपल्या बागांतील चिकू तो हाच! चिकाचा व्यापार ओसरला, तरी ही कुटुंबे रानातच राहिली.

१९९० साली सरकारने येथील सुमारे २१ लाख हेक्टर प्रदेश राखीव म्हणून जाहीर केला. काही भाग राष्ट्रीय उद्याने झाली. तेथे कुऱ्हाडीला बंदी. उरलेल्या मोठ्या भागात मर्यादित वापरास मुभा होती. मग रानात पूर्वीपासून राहणाऱ्यांचे काय? गावकऱ्यांनी आग्रह धरला आणि १९९४ पासून एकेका गावाशी २५ वर्षांचे करार होऊ लागले. कार्मेलिता गावाला १९९७ साली ५३ हजार हेक्टरांहून अधिक, तर वाशाक्तूनला २००० साली सुमारे ८३ हजार हेक्टर रान मिळाले. जमीन सरकारचीच राहिली. वापराचा हक्क आणि राखणीचा भार मात्र गावाकडे आला. या कराराचे नाव ‘कन्सेशन’.

आता तोडणीची रीत पाहा. रानाचे भाग पाडून दर वर्षी त्यातील एकाच भागात तोड करावयाची. त्यापूर्वी तेथील मोलाच्या झाडांची मोजदाद करून ती नकाशावर मांडावयाची. ठरलेल्या जाडीहून बारीक झाडास हात लावावयाचा नाही, बियाण्यासाठी चांगली झाडे राखावयाची. हेक्टरी सरासरी एक-दोन झाडेच पडतात. मग तो भाग काही दशके विश्रांती घेतो. हे नियम पाळले जातात की नाही, हे बाहेरचे तज्ज्ञ येऊन तपासतात व प्रमाणपत्र देतात. प्रमाणपत्र नसेल तर करार धोक्यात येतो.

परंतु झाड तोडणे सोपे आणि लाकूड विकणे कठीण, हे या गावांना लवकरच कळले. आरंभी काहींनी उभी झाडेच ठेकेदारांना विकली. नफा ठेकेदाराचा, गावास केवळ मजुरी. पुढे गावांनी स्वतःच्या सॉ-मिल उभारल्या. तथापि परदेशचा ग्राहक एकसारख्या मापाच्या, नीट वाळविलेल्या फळ्या मागतो आणि त्याही ठरल्या दिवशी. एकट्या गावाला हे कसे झेपावे? म्हणून २००३ साली अनेक गावांनी मिळून ‘फोरेस्कोम’ ही सामाईक कंपनी काढली. त्याच वर्षी महोगनीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचे कडक बंधन आले. ज्यांचा हिशेब चोख, त्यांनाच ते पेलण्याजोगे होते. आज पेतेनची महोगनी गिटारीसारख्या वाद्यांसाठीही परदेशी जाते. तिच्या जोडीला कमी परिचित जातींचे लाकूड आणि पुष्पगुच्छांत वापरावयाची ‘शाते’ नावाची पानेही निर्यात होतात. पाने निवडून जुड्या बांधण्याच्या कामातून अनेक स्त्रियांच्या हाती रोख पैसा आला.

सारेच गोड झाले, असे मात्र नव्हे. काही गावांच्या वाट्याला मोलाचे लाकूड थोडे आले, आणि तेथील लोक मुळात शेतीसाठी आलेले होते. गुरांच्या कुरणांसाठी जमीन हवी असणारे पुढे झाले, रान जळाले आणि करार रद्द करावे लागले. रानातून पोट भरत नसेल, तर नुसत्या करारपत्राने रान राखले जात नाही, हा त्यातला धडा.

तरीही एक गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. जेथे कुऱ्हाडीला पूर्ण बंदी होती, त्या ‘लागुना देल तिग्रे’ राष्ट्रीय उद्यानाचे फार मोठे वन आगी व कुरणे यांनी गिळले. उलट जेथे गावे मोजून मापून तोड करीत होती, ती बहुतेक राने टिकून राहिली. कारण उघड आहे. उन्हाळ्यात वणवा लागला तर जळते ते त्यांचे स्वतःचे उद्याचे उत्पन्न. म्हणून रात्री-अपरात्री पहाऱ्यास जावयाला त्यांना कोणी सांगावे लागत नाही.

खरी चिंता निराळी होती. महोगनीचे रोप तोडणीयोग्य होईपर्यंत रोप राखणाऱ्याचे केस पांढरे होतात, कदाचित नातवाचेही होतील. आणि करार अवघा २५ वर्षांचा! मुदत संपत आली तेव्हा गावांत अस्वस्थता पसरली. २०१९-२० मध्ये कार्मेलिता व वाशाक्तून यांचे करार वाढवून मिळाले, तेव्हा कोठे जीव भांड्यात पडला.

आपल्या देशातही २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना सामूहिक वन राखण्याचा हक्क दिला. बांबू, तेंदूपाने, मध यांवर त्यांची मालकी मानली. गौण वनोपजाच्या या व्याख्येत इमारती लाकूड मात्र नाही. ते असावे की नसावे, याबद्दल मतभेद होऊ शकतील. परंतु ज्याच्यावर राखणीचा भार, त्याला फळाचा वाटा आणि उद्याची शाश्वती हवी, एवढे पेतेनची गावे निश्चित सांगतात.

अखेर माझ्या शब्दाचे काय झाले, असे आपण विचाराल. ‘सवलत’ मी खोडली आणि तेथे लिहिले: ‘राखणीचा हक्क’. कोशात हा अर्थ सापडावयाचा नाही. पेतेनच्या रानात मात्र तो सापडतो.