मामांची दुनळी

माझं आजोळ झाशीचं. हे सांगितलं की पुण्यातले लोक हमखास विचारतात, "तिकडे मराठी माणसं कुठली?" अहो, नेवाळकर सुभेदारांच्या काळापासून आहेत! १८४२ साली ज्या गणेश मंदिरात राणी लक्ष्मीबाईंचं लग्न लागलं, ते आजही तिथल्या मराठी मंडळींचं आपलं मंदिर आहे. घरात मराठी, गल्लीत बुंदेली आणि कचेरीत हिंदी असा तिथला कारभार.

मागच्या हिवाळ्यात मावसबहिणीच्या लग्नाला गेले होते. वरात दारात आली आणि नवरदेवाकडच्या एका काकांनी हाक मारली, "मामाजी, दुनाली तो निकालिए!" बुंदेलखंडात लग्नात बार काढणं म्हणजे मानाची गोष्ट. मामांनी हात जोडले आणि म्हणाले, "बंदूक झोपली आहे. फटाके हवे तेवढे लावा." काका थोडे खट्टू झाले. मामा मात्र हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना मामेभावाने वेगळाच विषय काढला. "बाबा, ही दुनळी फार लांब आहे. आपल्या अरुंद जिन्यात वळवताही येत नाही. नळी कापून छोटी करून घेऊ. चोर आला तर एका बारात खोलीभर छर्रे उडतील."

मामांनी कप खाली ठेवला. पुढचा अर्धा तास जे ऐकलं, ते आज तुम्हाला सांगते. कारण जुनी बंदूक असलेली घरं अजून पुष्कळ आहेत, आणि हा गैरसमजही.

आधी 'बारा बोअर' म्हणजे काय ते पाहू. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल, ती बारा बोअरची नळी. तिचं तोंड साधारण साडेअठरा मिलिमीटरचं असतं. आत रायफलसारखे आटे नसतात, नळी गुळगुळीत असते. काडतुसात एका गोळीऐवजी छर्रे असतात.

आता लांबी. जुन्या काळी काळी दारू वापरत. ती सावकाश जळते, म्हणून छर्र्यांना पुरेसा वेग मिळायला लांब नळी लागायची. १८८४ साली फ्रान्समध्ये बिनधुराची दारू निघाली आणि हे गणित बदललं. ती दारू नळीच्या पहिल्या भागातच आपलं बरंचसं काम उरकते. त्यामुळे नळी दोन-चार इंच लांब किंवा आखूड असली तरी वेगात किरकोळच फरक पडतो. तरीही तीस इंची नळ्या बनत राहिल्या. लांब नळीवरून नेम धरायला सोपं जातं आणि उडत्या पाखराबरोबर बंदूक एका लयीत फिरते.

"मग छर्रे कशाने पसरतात?" भावाने विचारलं.

"चोकने," मामा म्हणाले. त्यांनी बागेतली पाण्याची नळी आणायला सांगितली आणि तिच्या तोंडावर अंगठा दाबून दाखवला.

चोक म्हणजे नळीच्या अगदी टोकाशी दिलेला बारीकसा आवळ. फुल चोकमध्ये तो जेमतेम एक मिलिमीटर असतो, पण त्याचा परिणाम मोठा. चाळीस यार्डांवर, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटरवर, तीस इंच व्यासाचं वर्तुळ काढून मोजतात. फुल चोकमधून निघालेल्या छर्र्यांपैकी सुमारे सत्तर टक्के त्या वर्तुळात पडतात, हाफ चोकमधून साठ आणि आवळ नसलेल्या सरळ नळीतून चाळीसच्या आसपास. ही युक्ती इंग्लंडमध्ये १८६६ च्या पेटंटात दिसते. १८७० च्या दशकात ग्रीनर या इंग्रज कारागिराने ती लोकप्रिय केली.

दुनळीला दोन नळ्या असतात. बहुधा उजवी जरा मोकळी, जवळच्या सावजासाठी, आणि डावी घट्ट, लांबच्यासाठी. अमेरिकन पंप बंदुकीची पंचाईत इथेच होती. हातातला दस्ता मागेपुढे केला की नवं काडतूस वर येतं हे खरं, पण नळी एकच! म्हणून घेतानाच ठरवावं लागे. जॉन ब्राउनिंगने आखलेली विंचेस्टर १८९७ शिकारीसाठी बहुतेक तीस इंची नळी आणि फुल चोकची घेत. तीच बंदूक पोलिसांसाठी आणि पहिल्या महायुद्धात खंदकांसाठी वीस इंची, बिनचोकची बनली. १९१२ साली आलेल्या मॉडेल १२ चंही तसंच. लोकांना दोन्ही हवं होतं, म्हणून पुढे तोंडाशी फिरवून कमी-जास्त करता येणारे चोक निघाले.

आता भावाच्या कल्पनेतली चूक लक्षात आली ना? चोक असतो टोकाच्या दोन-तीन इंचांत. नळी कापली की पहिला तोच जातो. शिवाय घरातल्या खोलीचं अंतर ते केवढं! चार-पाच मीटरमध्ये छर्रे जेमतेम वीतभर पसरतात. खोलीभर उडणं फक्त सिनेमात. वाढतो तो आवाज, डोळ्यापुढची आग आणि बंदूक चुकून भलतीकडे वळण्याचा धोका.

"आणि वरातीत," मामा सावकाश म्हणाले, "माणसं दोन हातांवर उभी असतात. एवढ्या जवळ छर्रे पसरतच नाहीत, गोळा होऊनच लागतात. बार वर काढायचा म्हणतात, पण नाचणाऱ्याचा धक्का लागला तर?" ते गप्प झाले. तरुणपणी त्यांनी एका लग्नात असा धक्का लागताना पाहिला होता. नशिबाने त्या दिवशी फक्त मांडवाचा खांब फुटला. मामांनी त्यानंतर कधीच बार काढला नाही.

कायदाही इथे स्पष्ट आहे. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ६ प्रमाणे परवानगीशिवाय नळी आखूड करणं हा गुन्हा आहे, आणि त्याला कठोर कैद आहे. मूळ बंदुकीचा परवाना असला तरी! २०१९ च्या दुरुस्तीने लग्नात बेपर्वाईने केलेल्या गोळीबारालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे.

जुन्या बंदुकीचं आणखी एक. तिची काडतुसाची खोली कधी कधी आजच्या काडतुसापेक्षा आखूड असते. पोलादी छर्रे जुन्या फुल चोकच्या नळीला इजा करतात. म्हणून जाणत्या परवानाधारक दुकानदाराला दाखवल्याशिवाय ती वापरू नये.

संध्याकाळी आम्ही सगळे किल्ल्यावर गेलो. कडक बिजली आणि भवानीशंकर या तोफा अजून तिथे आहेत. १८५८ च्या वेढ्यात लढलेल्या गुलाम गौस खान, मोतीबाई आणि खुदाबख्श यांची कबरही तिथेच आहे. मामा तोफेवर हात ठेवून म्हणाले, "ही लांब नळी शहर वाचवायला होती. तेव्हा गरज होती. आपल्या घराला दाराची कडी पुरते."

मामा आता शहात्तरचे आहेत. वयाची सत्तरी झाली की परवाना वारसाच्या नावे करण्यासाठी हयातीतच अर्ज करता येतो. मामांनी भावाला समोर बसवून विचारलं, "तुला खरंच हवी आहे का? हवी असेल तर अर्ज कर, शीक आणि कुलपात ठेव. नको असेल तर रीतसर देऊन टाकू. पण मी गेल्यावर ती कपाटात बेवारस पडायला नको."

भावाने रात्रभर विचार केला. सकाळी म्हणाला, "नको, बाबा."

पुढच्या आठवड्यात बापलेक दोघं कागदपत्रं घेऊन परवानाधारक दुकानात गेले. निघण्याआधी मामांनी नळ्या तेलाने पुसल्या, एकदा उजेडाकडे धरून आरपार पाहिलं आणि दुनळी भावाच्या हातात दिली. नळी होती तेवढीच लांब होती.

तुमच्याही घरात आजोबांची बंदूक असेल, तर परवान्याची तारीख आजच बघा. आणि आजोबा असतील, तर त्यांनाच विचारा, पुढे काय करायचं.