टक्का हलत नाही तेव्हा

मायक्रोसॉफ्ट आपल्या विंडोज या कार्यप्रणालीची मासिक दुरुस्ती दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसिद्ध करते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात. भारतात रात्र झालेली असते. पेढीवरच्या लॅपटॉपपर्यंत ती पोहोचते बुधवारी किंवा त्यानंतर, म्हणजे महिन्याच्या 9 ते 15 तारखेच्या आसपास. मासिक विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्याला जीएसटीआर-1 भरण्याची मुदत 11 तारखेची असते, आणि तिमाही पद्धतीतील व्यापाऱ्यांना महिन्याची बिले चढवण्याची जी ऐच्छिक सुविधा आहे तिची मुदत 13 तारखेची. अपडेट नेमके कामाच्या घाईतच का अडकते, हा दुकानोदुकानी विचारला जाणारा प्रश्न नशिबाचा नसून बराचसा दिनदर्शिकेचा आहे.

अशा सकाळी घडते ते सर्वांच्या परिचयाचे आहे. मुनीमजी लॅपटॉप उघडतात. निळ्या किंवा काळ्या पडद्यावर ठिपक्यांचे वर्तुळ फिरत असते, खाली एखादा आकडा असतो, 30 टक्के किंवा 99 टक्के, आणि संगणक बंद करू नका अशी सूचना असते. पंधरा मिनिटे जातात, अर्धा तास जातो, आकडा जागचा हलत नाही. मग कोणीतरी बटण दाबून यंत्र बंद करतो, कोणीतरी ओळखीच्या मेकॅनिकला फोन लावतो आणि पलीकडून उत्तर येते : ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ खरा धोका या उत्तरात आहे. अडकलेल्या अपडेटमुळे हिशेबाच्या फायली सहसा नष्ट होत नाहीत. घाईने केलेल्या फॉरमॅटने मात्र त्या हमखास जातात.

यंत्र त्या वेळी आत काय करीत असते, हे समजून घेतले की धीर धरणे सोपे जाते. विंडोज चालू असताना तिच्या अनेक फायली वापरात असतात आणि वापरातली फाइल बदलता येत नाही. म्हणून नव्या फायली आधी बाजूला तयार ठेवल्या जातात, आणि यंत्र पुन्हा सुरू होताना, इतर काहीही चालू नसताना, जुन्यांच्या जागी बसवल्या जातात. कच्च्या वहीत नोंद करून रात्री दुकान बंद झाल्यावर ती पक्क्या वहीत उतरवावी, तसा हा प्रकार आहे. नवे पान पूर्ण होईपर्यंत जुने फाडले जात नाही. मध्येच काही बिघडले तर विंडोज केलेले बदल मागे घेते आणि पडद्यावर ‘अनडूइंग चेंजेस’ अशी ओळ दिसते. ही ओळ पाहून घाबरणारे पुष्कळ आहेत. वास्तविक ती यंत्र स्वतःला सावरत असल्याची खूण आहे, आणि त्या क्षणी वीज तोडणे हे सर्वांत वाईट.

टक्क्याच्या आकड्यावरही फार विसंबू नये. तो कामाच्या टप्प्यांचा आकडा आहे, वेळेचा नव्हे. एक टप्पा दोन मिनिटांत संपतो, पुढचा अर्धा तास घेतो. एसएसडी असलेल्या लॅपटॉपवर मासिक दुरुस्ती बहुधा अर्ध्या तासाच्या आत आटोपते; फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कवर, विशेषतः विंडोजची नवी आवृत्तीच येत असेल तर, दोन-तीन तासही लागू शकतात. तेव्हा पहिला उपाय म्हणजे चार्जर लावून ठेवणे आणि निरीक्षण करणे. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल, पंखा फिरत असेल, तळ कोमट लागत असेल, तर काम चालू आहे असे समजावे. दिवा निश्चल, पंखा शांत आणि दोन-तीन तासांत आकडाही तोच, तेव्हाच यंत्र खरोखर अडकले असे मानण्यास हरकत नाही.

मधल्या वेळेत विवरणपत्राचे काय, ही चिंता रास्त आहे. पण जीएसटीचे पोर्टल लॅपटॉपमध्ये नसते. बिलांची यादी कागदावर किंवा कर सल्लागाराकडे असेल तर ते कोणत्याही दुसऱ्या संगणकावरून भरता येते, आणि एकल मालकीच्या पेढीला मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीनेही ते दाखल करता येते. 11 तारखेच्या धास्तीने यंत्राशी झटापट करण्याचे कारण नाही.

यंत्र अडकल्याची खात्री झाल्यावर प्रिंटर, पेन ड्राइव्ह, बारकोड स्कॅनर, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन अशी बाहेरून जोडलेली प्रत्येक वस्तू काढावी. मग पॉवरचे बटण सुमारे दहा सेकंद दाबून धरावे, यंत्र बंद होऊ द्यावे आणि पुन्हा सुरू करावे. पुष्कळदा एवढ्यानेच गाडी रुळावर येते : अपडेट पूर्ण होते किंवा मागे घेतले जाते, आणि नेहमीचा पडदा दिसतो. तसे झाले नाही तर विंडोजच्या दुरुस्ती विभागात शिरावे लागते. यंत्र सुरू होताना चिन्ह दिसताच बटण दाबून ते बंद करावे. असे लागोपाठ दोन-तीन वेळा झाले की विंडोज आपण होऊन तो विभाग उघडते. तेथे ‘ट्रबलशूट’ आणि त्यात ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ निवडल्यावर ‘स्टार्टअप रिपेअर’ दिसते. त्याने काम झाले नाही तर ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ या पर्यायाने शेवटचे अपडेट काढून टाकता येते. मासिक दुरुस्ती असेल तर ‘क्वालिटी अपडेट’, नवी आवृत्ती असेल तर ‘फीचर अपडेट’ निवडावे. या दोहोंत हिशेबाच्या फायलींना हात लागत नाही.

याच ठिकाणी अनेकांची वाट अडते. पडदा बिटलॉकरची 48 अंकी किल्ली मागतो आणि अशी काही किल्ली असते हेच घरात कोणाला ठाऊक नसते. आजकालच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये डिस्कवरील माहिती कुलूपबंद ठेवलेली असते, आणि हे कुलूप यंत्र प्रथम सुरू करताना, मालकाच्या नकळत लागलेले असू शकते. 19 जुलै 2024 रोजी जगभर हाच अनुभव आला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, सुमारे 85 लाख विंडोज यंत्रे बंद पडली. भारतातील विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. दोषी फाइल काढणे हे मोजक्या मिनिटांचे काम होते, पण ज्या यंत्रांना बिटलॉकर लावलेले होते त्यांची किल्ली शोधण्यात तंत्रज्ञांचा मोठा वेळ गेला. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केलेला असेल तर किल्ली बहुधा त्या खात्यात साठवलेली असते आणि दुसऱ्या मोबाइलवरून खाते उघडून ती वाचता येते. मात्र ते खाते कोणाच्या नावाचे? पेढीवरच्या अनेक लॅपटॉपवर ते दुकानातून यंत्र आणून देणाऱ्या भाच्याचे नाही तर सोडून गेलेल्या नोकराचे निघते. यंत्र ठणठणीत असतानाच ही किल्ली कागदावर उतरवून तिजोरीत ठेवावी. किल्ली नसेल तर डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली तरी कुलूप उघडत नाही.

किल्ली हाती असेल तर यंत्र सुरू होत नसतानाही माहिती बाहेर काढता येते. जाणकार तंत्रज्ञ डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून किंवा पेन ड्राइव्हवरून दुसरी कार्यप्रणाली चालवून फायली उतरवून घेतो. त्याला एकच गोष्ट नेमकी सांगावी लागते, वही कोठे आहे ती. टॅलीप्राइमच्या फायली मूळ मांडणीत सी ड्राइव्हवर, ‘युजर्स’मधील ‘पब्लिक’ या फोल्डरात, त्याच्या आतल्या टॅलीप्राइमच्या ‘डेटा’ फोल्डरात असतात. प्रत्येक पेढीचे फोल्डर नावाने नव्हे, क्रमांकाने ओळखले जाते. ‘माझ्या फायली ठेवा’ असे म्हणणारा रिसेटचा पर्याय आहे खरा, पण त्यात प्रोग्रॅम निघून जातात, आणि वही कोणत्या फोल्डरात आहे हे ठाऊक नसताना त्यावर भरवसा ठेवणे शहाणपणाचे नाही. फॉरमॅटला होकार द्यायचा तो फायली दुसऱ्या यंत्रावर उघडून, कालपर्यंतची बाकी जुळलेली डोळ्यांनी पाहिल्यानंतरच. जीएसटी कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने हिशेब जपून ठेवावे लागतात; मेकॅनिकने पुसले, ही सबब तेथे चालत नाही.

काही वेळा दुखणे सौम्य असते : यंत्र नीट चालते, पण ‘सेटिंग्ज’मध्ये अपडेट उतरतच नाही. याचे सर्वसाधारण कारण सी ड्राइव्हवर जागा नसणे हे आहे. नव्या आवृत्तीसाठी 20 जीबी मोकळी असलेली बरी. डाउनलोड्समध्ये साचलेल्या लग्नांच्या चित्रफिती हलवल्या तर ती सहज निघते. जागा असूनही अडत असेल तर विंडोज अपडेटची सेवा थांबवून, ‘विंडोज’ फोल्डरातील ‘सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन’मधल्या ‘डाउनलोड’ या फोल्डरातील अर्धवट फायली पुसाव्यात आणि यंत्र पुन्हा सुरू करावे. विंडोज त्या नव्याने उतरवून घेते.

अपडेटच बंद करून टाकावे, असा सल्लाही बाजारात मिळतो. ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात त्यासाठी तो घातक आहे, कारण मासिक दुरुस्तीत बहुतांशी चोरवाटा बुजवण्याचेच काम असते. बंद करण्याऐवजी पुढे ढकलावे. ‘सेटिंग्ज’मधील ‘विंडोज अपडेट’मध्ये ‘पॉज’ हा पर्याय आहे; त्याने पाच आठवड्यांपर्यंत अपडेट थोपवता येते. महिन्याच्या 8 तारखेपूर्वी ते थोपवावे आणि 20 तारखेला जीएसटीआर-3बी भरून झाले की पुढच्या संध्याकाळी टॅलीतून ऑल्ट आणि वाय दाबून बॅकअप घ्यावा, तो पेन ड्राइव्हवर उतरवून पेन ड्राइव्ह घरी न्यावा, आणि लॅपटॉपला चार्जर लावून, अपडेट पुन्हा सुरू करून दुकान बंद करावे.