चौपदरी गाळणं आणि त्यापुढचं



मंडळाच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरतोय, ‘आपलं गाळणं विज्ञानानेही मान्य केलं!’ वाचून मलाही बरं वाटलं. माझ्या सासूबाई गाळण्याशिवाय कळशी भरू देत नसत आणि गाळण्यावर राहिलेले जीव त्याच विहिरीत हळूच सोडत. पण मेसेजमागची गोष्ट बांगलादेशातली आहे, आणि ती पूर्ण कुणी सांगत नाही.

तिथल्या मतलब भागातल्या खेड्यांत तळ्या-नदीचं पाणी वापरतात. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक जीवांना चिकटून असतात. रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायकांना जुन्या सुती साडीची निदान चार पदरी घडी घागरीवर बांधायला शिकवलं. जुनीच साडी, कारण धुऊन धुऊन धागे फुलतात आणि छिद्रं बारीक होतात. २००३ साली निष्कर्ष छापून आला, कॉलरा ४८ टक्के घटला.

म्हणजे निम्म्याच्या आसपास. सुटे जंतू कापडातून जातातच, म्हणून उकळणं सुटत नाही. शिवाय त्याच देशात जंतू टाळायला खोदलेल्या ट्यूबवेलमध्ये पुढे आर्सेनिक निघालं. ते ना गाळून जातं, ना उकळून. जमेची बाजू वाचून वही मिटायची नसते, एवढं तरी बी.कॉम.ने मला शिकवलं.

पाच वर्षांनी तिथे पुन्हा पाहणी झाली. आजूबाजूला नेमाने गाळत होते तिथे न गाळणाऱ्या घरांतही कॉलरा कमी होता. एका घरातले जुलाब थांबले की तळ्यात उतरणारे जंतूही तेवढे कमी, असं मला वाटतं. पाणी बिघडतं ते बरंचसं शौचाच्या जागेपासूनच.

आणि इथेच आपण अडतो. पाणपोईला देणगी द्यायला आपल्यात चढाओढ, पण शाळेतल्या मुलींच्या शौचालयाचं नाव काढलं की सगळ्या पदर सावरतात. गेल्या पर्युषणात मी विषय काढला तर एक काकू म्हणाल्या, “अगं, त्यावर नाव कसं लावायचं?” हसू आलं, पण प्रश्न खरा होता. पाणपोईवरचं नाव येणारा-जाणारा वाचतो.

मी म्हटलं, माझं लावा. शाळेकडून अंदाजपत्रक मागवलंय, सेप्टिक टँक उपसण्याच्या खर्चासकट. हिशेब अर्थातच माझ्याच गळ्यात पडलाय.