गळती कुणाची?

आमच्या वाड्यात एक वाक्य आजोबांपासून चालत आलेले आहे. पन्हळ तुंबली, कौल सरकले, भिंतीला पोपडे आले की ते म्हणायचे, "मालकांना सांगितलंय." आजोबांनी ते म्हटले, बाबा म्हणतात, आणि शाळेत असताना एका पाहुण्यांना ते मीही ऐटीत ऐकवले होते. मध्यंतरी मालक वारले. आता वारस नऊ आहेत आणि त्यांचे आपसांत पटत नाही. वाक्य मात्र तेच आहे.

जुन्या नाशकात काय किंवा गोदावरीपलीकडे पंचवटीत काय, ही कथा घरोघरची आहे. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. मालक ती नोटीस भाडेकरूला दाखवतो, भाडेकरू मालकाला. पूर आला की आपण दुतोंड्या मारुतीला कुठवर पाणी लागले ते पाहायला धावतो. २०१६च्या ऑगस्टमधला पूर तर कुणी विसरणार नाही. पण माझे प्रामाणिक मत असे, की वाड्यांचा जीव पुराहून अधिक घेतला असेल तो तुंबलेल्या पन्हळींनी.

कायदा काय म्हणतो? १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या १४व्या कलमानुसार दुरुस्ती मालकाने करायची. नोटीस देऊनही १५ दिवसांत न केल्यास भाडेकरूने ती करून खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथाईहून अधिक नाही. आमचे भाडे महिना ४० रुपये, म्हणजे वर्षाचे ४८०. त्याची चौथाई १२०. एवढ्यात सिमेंटची अर्धी गोणीही येत नाही! मालकांचीही बाजू आहेच. चाळीस रुपये देऊन त्यांनी आमच्या भिंतीला चुना लावावा, ही अपेक्षा म्हणजे आम्हीच त्यांना चुना लावण्यासारखे आहे.

२०१९च्या पावसाळ्यात एका रात्री आमच्या मागच्या खोलीची भिंत निम्मी खाली आली. आजीची खाट त्याच भिंतीला लागून. सुदैवाने आजी त्या आठवड्यात आत्याकडे सिन्नरला होती. सकाळी खाटेवर विटांचा ढीग पाहून बाबा कितीतरी वेळ काही बोलले नाहीत.

गवंडीकाका आले तेव्हा दोन कारणे कळली. भिंतीतला पिंपळ आम्ही पाच-सहा वर्षे कौतुकाने पाहत होतो. त्याच्या मुळांनी विटा सैल केल्या होत्या. दुसरे कारण म्हणजे आमचीच हौस. ओल दिसते म्हणून बाबांनी आतून सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. "दादा, जुनी भिंत चुन्याची," काका म्हणाले, "तिची ओल चुन्यातून बाहेर पडते. सिमेंटनं ती आत कोंडली." खरेच, भिंतीत घुसलेले तुळईचे टोक चहात बुडवलेल्या पावासारखे झाले होते. आळस जितका महाग पडला, तितकीच ती चुकीची दुरुस्तीही.

तेव्हापासून काही कामे मी स्वतः करतो. मे महिन्यात पन्हळीतला पाला काढणे, फुटके कौल बदलणे, आणि पिंपळाचे रोप बोटाएवढे व्हायच्या आत मुळासकट उपटणे; नुसता शेंडा छाटला तर तो दुप्पट जोमाने फुटतो. पोपडे खरवडून, भिंत ओली करून, एक भाग चुना आणि तीन भाग वाळू यांचा पातळ थर द्यायचा आणि तो काही दिवस दमट ठेवायचा. कळीचा चुना पाण्यात पडला की खदखदतो, डोळे सांभाळावेत. नळाचा वायसर तर पाच मिनिटांचे काम आहे. पण तुळई, खांब आणि विजेच्या तारा यांना मी हात लावत नाही. तिथे जाणकारच हवा.

यावर मित्र हसतात. "वाडा पडू दे ना, बिल्डर येईल, फ्लॅट मिळेल!" असे म्हणणारे आमच्या वाड्यातही आहेत. ते उघडपणे बोलत नाहीत एवढेच. त्यांचे स्वप्न मला कळते. अरुंद जिन्याचा आणि सामायिक संडासाचा कंटाळा मलाही आहे. पण वाडा पडेल तेव्हा आधी घरातल्या माणसांना बाहेर बोलावून मग पडेल, याची हमी त्यांतला एकही देत नाही. नवे घर बोलणी करून, सह्या करून मिळवावे. त्यासाठी खाटेवर विटा पडायची वाट पाहणे मला मान्य नाही.

या मे महिन्यात पन्हळ साफ करायला शिडीवर चढलो, तर समोरच्या खिडकीतून काकूंनी विचारले, "मालकांना सांगितलंस का रे?"

"सांगितलंय," मी म्हटले. "तेवढी बादली वर द्या ना, काकू."