तळेगांवचा पैसा व तळेगांवचें कसब

तळेगांव म्हटलें, कीं सेनापति दाभाडे यांचें नांव प्रथम निघतें. १७३१ सालीं डभईच्या रणांत त्रिंबकराव पडले. पुढें त्यांच्या मातोश्री उमाबाई यांनीं घराण्याचा कारभार सांभाळला. हा अभिमान योग्यच होय. परंतु आमच्या मतें १९०८ सालची गोष्ट याहून अधिक स्मरणीय आहे. अंताजी दामोदर काळे यांनीं दारोदार पैसा पैसा मागून जमविलेल्या पैसा फंडांतून त्या सुमारास येथें काचेचा कारखाना उभा राहिला. त्यांत नुसती काच झाली नाहीं; काच करणारे कारागीरहि तयार झाले.

आज मावळांत इंद्रायणी तांदूळ पिकतो, आणि शिवारालगत मोटारींचे कारखाने उभे आहेत. २००८ सालीं सुरू झालेला जनरल मोटर्सचा येथील कारखाना २०२० सालीं थांबला. पुढें तो ह्युंदाईनें घेतला. धनी बदलतात, यंत्रें जातात. हातीं बसलेलें कसब मात्र कोणी नेऊं शकत नाहीं. म्हणून ज्या शेतकऱ्याची जमीन कारखान्यास गेली, त्याच्या मुलास केवळ फाटकावरील पहारा नव्हे, तर यंत्राचें ज्ञान मिळालें पाहिजे. जमिनीचा मोबदला एका पिढीस पुरतो. विद्येचा पुढील पिढ्यांस पुरतो. विद्यार्थिमित्रहो, पैसा फंडाचा खरा धडा हाच नव्हे काय?