वैद्याचे परस आणि वाळूची सबब

पथ्यपत्रकात पडवळ, दोडका, दुधी, शेवगा लिहून देणे आपणां सर्व वैद्यबंधूंच्या अंगवळणी पडले आहे. मात्र या भाज्या ताज्या व विनाफवारणीच्या कोठे मिळतील, असे रुग्णाने विचारले की आपण निरुत्तर होतो. स्वतःच्या परसाचा विषय निघाला तर "जागा आहे, पण वाळवट आहे" हे उत्तर ठरलेले. आम्हीही ते पुष्कळ दिवस देत आलो. वसमत म्हटले की काळी जमीन आणि हळद आठवते. येथील हळदीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही लाभले. आमच्या औषधशाळेमागील तुकड्यात मात्र बांधकामाच्या वेळचा वाळूचा भराव आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, भूमिप्रविभागीय या ३६ व्या अध्यायात, औषधी घेण्याची भूमी वाळूने दूषित नसावी असे सांगितले आहे. काही मित्र याच वचनाचा आधार घेतात. आमच्या मते तो निकष औषधिद्रव्यांच्या संग्रहाचा आहे. स्वयंपाकघरातील भाजीस तो लावून हात झटकणे योग्य नव्हे. नदीपात्रात पूर ओसरल्यावर टरबूज-काकडीच्या वाड्या करणारे शेतकरी वाळू बदलीत बसत नाहीत. ते वाळूत चर खणतात, त्यात शेणखत भरतात आणि मुळापाशी ओल राखतात.

आम्हास हे उशिरा उमगले. पहिल्या वर्षी सगळ्या जागेवर खत पसरले आणि तीन-तीन दिवसांनी भरपूर पाणी सोडले. वाळूत पाणी थांबत नाही व विरघळलेले अन्नांशही त्यासह खाली जातात. मेथी पिवळी पडली. दुसऱ्या वर्षी हातभर खोल चर खणले, त्यांत कुजलेले शेणखत व थोडी काळी माती भरली, वर उसाचे पाचट अंथरले. पाणी रोज, पण थोडे. वेलभाज्या, गवार, चवळी उत्तम आली. रताळी तर अशा भुसभुशीत जमिनीतच पोसतात. भेंडीसाठी परभणीच्या कृषी विद्यापीठाचे 'परभणी क्रांती' वाण घेतले. ते संकरित नसल्याने बी घरी धरता येते. उन्हाळी पालक मात्र साधला नाही.

आता औषधनिर्मात्या बंधूंस स्पष्ट सांगावयाचे आहे. वाळूस जो सेंद्रिय अंश हवा, तो आपण कचरागाडीत टाकतो. काढे व अरिष्टे करून उरणारा चोथा शेणासह थराथराने खड्ड्यात भरून ओलसर ठेवावा, अधूनमधून परतावा आणि पुरता कुजल्यावरच चरात घालावा. कच्चा घातल्यास कुजताना तो मातीतील नत्र ओढून घेतो. भल्लातक, कुचला, वत्सनाभ यांचा चोथा भाजीच्या खड्ड्यात मुळीच नको. तेलपाकाचा कल्कही वेगळा ठेवावा. इतकी दक्षता औषधशाळेत अवघड नाही, कारण कोणत्या दिवशी कोणते द्रव्य शिजले याची नोंद आपल्याकडे असतेच.

संघटनेच्या प्रत्येक सभासद औषधशाळेने मृगापूर्वी असा एक खड्डा भरावा, अशी आमची सूचना आहे. पुढील बैठकीस येताना ज्याने त्याने घरचे बी आणावे. आमच्याकडील पडवळाचे बी दहा-बारा जणांस सहज पुरेल.